छातीवरच्या फिती कशा वाचाव्यात: सैन्यात नव्याने जाणाऱ्यांसाठी

ट्रेनिंग संपवून युनिटमध्ये आलेल्या जवानाची नजर सुभेदार साहेबांच्या छातीवरच्या रंगीत फितींवर खिळते आणि त्याला वाटतं, ही सगळी बहादुरीची मेडल्स. तसं नसतं. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंतची शौर्यपदकं मोजक्यांच्याच वाट्याला येतात. बाकीच्या बहुतेक फिती एवढंच सांगतात की हा माणूस कुठे होता, कोणत्या मोहिमेत होता आणि किती दिवस होता. ही सर्व्हिस मेडल्स. ती शिफारशीने मिळत नाहीत, अट पूर्ण झाली की हक्काने मिळतात. म्हणूनच त्यांचा हिशेब जवानाने स्वतः ठेवायचा असतो.

फिती डाव्या खिशाच्या वर लागतात. वरच्या ओळीत, गुंड्यांच्या बाजूची फीत मानाने सर्वांत वरची. समोर उभं राहून डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचत गेलं की क्रम बरोबर लागतो. अगदी शेवटी मुदतीची मेडल्स: ३०, २० आणि ९ वर्षांच्या सेवेची. वीस वर्षांचं मिळालं म्हणून नऊचं उतरवायचं नसतं, दोन्ही लावायची. संयुक्त राष्ट्रांचं मेडल त्यांच्याही नंतर. घाव मेडलची पांढऱ्या पट्टीवर मधोमध लाल रेघ असलेली फीत दिसली, तर तो माणूस शत्रूशी लढताना जखमी झाला आहे असं समजावं.

मोठ्या लढायांच्या वेळी बहुधा दोन पातळ्यांवर मेडल्स निघाली. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना स्टार (ताऱ्याच्या आकाराचं मेडल) आणि त्या काळात तैनात असलेल्या बाकीच्यांनाही मेडल. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. त्यामुळे नुसतं ‘विजय मेडल’ पाहून ‘कारगिलच्या युद्धक्षेत्रात होता’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी स्टार पाहावा लागतो.

इथे आपल्याकडची एक नेहमीची गफलत. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईचं नावही ‘ऑपरेशन विजय’च होतं. पण त्या सैनिकांना विजय मेडल नाही, तर १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा’ लिहिलेला क्लास्प मिळाला. क्लास्प म्हणजे मेडलच्या फितीवर चढवलेली नावाची धातूची पट्टी. तेच मेडल दुसऱ्या मोहिमेसाठी पुन्हा मिळत नाही, नवा क्लास्प चढतो. घरात आजोबांचं मेडल असेल तर आधी क्लास्प वाचा, मग कडेवर कोरलेला नंबर, हुद्दा आणि नाव. (परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांनीच हे जनरल सर्व्हिस मेडलही रेखाटलं होतं.)

आज भरती होणाऱ्याच्या छातीवर सुरुवातीला येण्याची शक्यता जास्त ती अशी: कठीण भागातल्या सेवेसाठी सैन्य सेवा मेडल, ९,००० फुटांवरच्या सेवेसाठी उच्च तुंगता मेडल, सियाचीनला गेलात तर सियाचीन ग्लेशियर मेडल, आणि घुसखोर-अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईच्या भागात राहिलात तर विशेष सेवा मेडल. प्रत्येकाची दिवसांची अट वेगळी. उच्च तुंगतासाठी १८० दिवस धरतात. म्हणजे दोन महिन्यांच्या अटॅचमेंटवर (मूळ युनिटमधून दुसरीकडे तात्पुरतं जोडलं जाणं) ते मिळत नाही. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं आणि पंचाहत्तरीचं मेडल १५ ऑगस्ट १९९७ आणि १५ ऑगस्ट २०२२ या तारखांना सेवेत असलेल्यांना मिळालं. दोन्ही फिती असतील तर त्याची किमान पंचवीस वर्षं झालीत, हे न विचारता कळतं. अग्निवीरांची पहिली तुकडी त्यानंतर आली, त्यामुळे त्यांच्याकडे यांपैकी एकही फीत नाही. चार वर्षांत ९ वर्षांचं मेडलही येणार नाही. ते कायम झालेल्यांसाठी. म्हणून अग्निवीराच्या फिती जवळजवळ पूर्णपणे पोस्टिंगवर ठरतात.

आता खरं काम. दिवस भरले की युनिट क्लेम करतं, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल जाहीर करणारा युनिटचा आदेश) निघते आणि रेकॉर्ड्स ऑफिसमध्ये शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद चढते. नोंद झाली तरच तुमचा हक्क कागदावर पक्का होतो. घोटाळे होतात ते अटॅचमेंटवर गेलेल्यांचे: मूळ युनिटला वाटतं तिथल्यांनी केलं असेल, तिथल्यांना वाटतं मूळ युनिट करील. त्यातच बदली झाली की दोन्हीकडचा क्लार्क बदललेला असतो. यावर साधा उपाय म्हणजे एका वहीत प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची आणि निघाल्याची तारीख, मूव्ह ऑर्डरचा नंबर, जागा, उंची, आणि मधली रजा, कोर्स, हॉस्पिटल लिहून ठेवणं. पार्ट टूचा नंबर आणि तारीख त्याच ओळीत. यातले कोणते दिवस धरायचे हे क्लार्क नियम बघून ठरवील, पण तारखा तुमच्याकडे हव्यात. बदलीच्या आधी एकदा शीट रोल पाहून घ्या, बदलीनंतर नाही.

नावाचं स्पेलिंगही तेव्हाच तपासा. महाराष्ट्रातल्या जवानांची नावं सैन्याच्या कागदांवर अनेकदा आडनावापासून सुरू होतात आणि आधारवर उलटी असतात. मेडलच्या कडेवर कागदावरचंच कोरलं जातं.

खरी मेडल्स कोलकात्याच्या सरकारी टांकसाळीत बनतात आणि हातात यायला बराच वेळ लागू शकतो. तोवर परेडसाठी जवान छावणीच्या बाजारातून नकला घेतात. दुकानदाराने बनवलेला बार (फिती ओळीने बसवलेली पट्टी) तसाच छातीवर चढवू नका; त्याच्याकडून क्रम चुकतो, फीत उलटी लागते, कधी नऊ वर्षांच्या जागी वीसची येते. मंजुरीची नोंद आणि बार शेजारी ठेवून तपासा. नोंद नसलेली एकही फीत लावायची नाही. ‘सगळ्यांनी लावलीय’ हे उत्तर इन्स्पेक्शनला चालत नाही.

शांतिसेनेत गेलात तर साधारण ९० दिवसांनंतर संयुक्त राष्ट्रांचं मेडल मिळतं. फितीचे रंग मिशनप्रमाणे बदलतात.

निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकमधला मेडल्सचा रकाना सही करण्याआधी वहीशी ताडून पाहा. घरी गेल्यावर राहिलेल्या मेडलसाठी अर्ज रेकॉर्ड्स ऑफिसकडे जातो आणि त्यासोबत पार्ट टूचा नंबर दिला तर शोध सोपा होतो. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. हरवलेल्या मेडलसाठी आधी पोलिसांत नोंद करा, त्याची प्रत अर्जाला जोडा.