नातवंडं, भाचरं सांभाळताय? मग या चुका टाळा

"आपलंच लेकरू आहे, त्याच्यासाठी सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" असं म्हणणारी आजी नाशकात सिडकोत, सातपूरला, पंचवटीत कुठेही भेटेल. माया खरीच असते हो, पण बाकीच्या बहुतेक चुका या एका विचारातूनच होतात.

बालसंगोपन योजना म्हणजे भीक नाही, मुलाचा हक्क आहे. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, वय १८ होईपर्यंत. आणि ती फक्त अनाथांसाठीच असते असं धरून लोक अर्जच करत नाहीत, पण आई-वडलांपैकी एकच गेलंय, घटस्फोट झालाय, पालक जेलमध्ये आहे किंवा मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलाय तरी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, आदेश बाल कल्याण समिती काढते. एजंटला पैसे देऊ नका.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावरून. बोनाफाईडवर साई, आधारवर साईराज, मृत्यू दाखल्यावर वडलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. हे आधी जुळवून घ्या, मगच तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मूल आणि तुम्ही घरासमोर उभे असलेला फोटो वगैरे जोडा, नाहीतर त्याच फाईलसाठी परत परत हेलपाटे. घरी चौकशीला कुणी आलं तर घाबरू नका, जसं आहे तसं सांगा. पैसे दर महिन्याला नेमाने पडतीलच असं धरून किराणा आणि क्लासची फी मात्र त्यावर बसवू नका, ते उशिरा येतात.

मुलाचं खातं उघडायला गेलं की बँक म्हणते आई-बाप आणा, आणि आजी तशीच घरी परत येते. असं परत येऊ नका, समितीच्या आदेशाची कॉपी घेऊन मॅनेजरला भेटा.

वडील अंबड-सातपूरच्या कंपनीत होते आणि पीएफ कटत होता का, हे कुणी विचारतच नाही! ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत, सभासद गेल्यावर मुलांना २५ वर्षांपर्यंत पेन्शन असते, आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ पेन्शन, फॉर्म १०-डी भरायचा.

निफाड-दिंडोरीकडे जमिनीचं प्रकरण असतं. सातबाऱ्यावर मुलाचं नाव वारस म्हणून लागलं आणि तुमचं अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे लहान मुलाचा पालक) म्हणून, तरी ती जमीन मुलाचीच राहते. काका-मामाला ती परस्पर विकता येत नाही, आधी कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते आणि विकायला कोर्टाची परवानगी वेगळी. लेकराच्या शिक्षणासाठीच विकतोय म्हटलं तरी नाही.

आता पैशापलीकडचं. "आई गावाला गेलीय" असं सांगू नका, मूल दारात वाट बघत बसतं आणि शाळेत दुसऱ्याच कुणाकडून त्याला खरं कळतं. त्याच्यासमोर "तुझा बाप असाच होता" हे तर अजिबात नको. भावंडं एक मावशीकडे एक आत्याकडे अशी वाटून घेऊ नका, आणि नाइलाजच असेल तर निदान सुट्टीत तरी एकत्र ठेवा.

आणि तुमचंच वय झालंय, गुडघे दुखतायत, मूल ऐकत नाही, झेपत नाही असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.