बोअर दम टाकतं, शेततळं आटतं: दुष्काळी भागात पाण्याच्या कामात या चुका टाळा

आमच्या माळावर चार बोअर आहेत. त्यांतलं चालू एकच. बाकी तिघांच्या केसिंगवर, म्हणजे बोअरच्या तोंडात बसवलेल्या पाईपवर, दगड ठेवलेत, आणि प्रत्येक दगडाखाली निदान एका वर्षाची कमाई गाडलेली आहे. माण, आटपाडी, जत, कर्जत, आष्टी, असा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कुठलाही तालुका घ्या, हे दगड सगळीकडे सापडतील. पाऊस ४५०-५०० मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. पण पाऊस कमी पडतो म्हणून जेवढं बिघडतं, त्याहून जास्त आपण घाईघाईत करतो त्या कामांनी बिघडतं. त्यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत.

पाणी न मोजता पीक ठरवणं

सगळ्या चुकांची आई हीच, म्हणून थोडं बसून गणित करू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४००० लिटर पाणी होतं. म्हणजे ५०० मिलिमीटरच्या पावसात एका एकरावर वर्षाला २० लाख लिटर पडतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण आपला खडक काळा कातळ. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग याच खडकाचा आहे आणि त्यात पावसाचं पाणी मुरतं ते १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका एकरातून जमिनीखाली जमा झालं फक्त दोन लाख लिटर. बाकीचं वाहून गेलं, उडून गेलं, पिकाने घेतलं.

आता ऊस बघा. त्याला वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. त्यातलं अंगावर पडणाऱ्या पावसाचं अगदी सगळं, २० लाख, धरलं तरी ६० लाख विहिरीतून उपसायचं. पाटाने दिलेल्यातलं थोडं परत मुरतं, ते सोडून देऊ. तरी एका एकर उसाखाली तीस एकरांचं मुरलेलं पाणी जातं. त्या तीसपैकी आपले किती आणि शेजाऱ्यांचे किती, हे ज्याने त्याने मनात विचारावं. रब्बीच्या ज्वारीचं भागतं ३५०-४०० मिलिमीटरवर, त्यातलाही बराच भाग काळ्या रानातल्या ओलीचा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याच्या उलट केलं: आधी पाणी मोजलं, मग पीक ठरवलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावाने चर खणले, झाडं राखली, पण माझ्या मते खरी किल्ली दुसरीच. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. लोक तिथे सहलीला जातात, बंधारे बघतात, फोटो काढतात, आणि घरी येऊन ऊस लावतात.

गावात साधं पर्जन्यमापक बसवा. महसूल मंडळाचा आकडा दहा-पंधरा किलोमीटरवरचा असू शकतो, आणि आमच्याकडे पाऊस बांधाबांधाने बदलतो. रोज सकाळी साडेआठला मोजा, वहीत लिहा. विहिरीची पातळीही लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. आपणही तेवढं केलं तरी पुरे. दोरीला दगड बांधून सोडायचा, काठापासून ओली खूण किती हातांवर लागली ते बघायचं.

बोअर दमलं की आणखी खाली जाणं

उन्हाळ्यात बोअर वीस मिनिटांत दम टाकायला लागलं की घरात पहिलं वाक्य येतं: “मोटर अजून खाली सोडू.” ते जमलं नाही की जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या येतो. तळहातावर नारळ, नाहीतर हातात दोन फाट्यांची काडी. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली. रात्री गाडी येते, गावभर धडधड, आणि पहाटेपर्यंत चारशे फुटांवरून नुसता फुफाटा उडत असतो. या वेळी कुणी थांबायला तयार नसतं, कारण “एवढं गेलोय तर अजून पन्नास फूट”.

कातळात पाणी असतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. खोल जाऊन नवा साठा लागतोच असं नाही. उलट केसिंग वरच्या मुरमापुरतीच असल्यामुळे वरच्या थरातलं पाणी बोअरवाटे खालच्या कोरड्या भेगांत उतरू शकतं, आणि शेजारची जुनी विहीर आटते. विहिरीत आडवे बोअर मारणं ही तर उघड उघड दुसऱ्याच्या ताटातली भाकरी ओढणं. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्याने परवानगी लागते, हेही बहुतेकांना भांडण झाल्यावर कळतं.

त्याआधी रोग कुठला ते तपासा. मोटर चालू केल्यापासून धार तुटेपर्यंत किती मिनिटं, आणि बोअर पुन्हा भरायला किती तास, हे आठवडाभर लिहा. सप्टेंबरात, भरल्या दिवसांतही धार बारीक असेल तर दोष बहुधा पाण्याचा नाही. पंपाचे इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारी आतली चाकं, झिजलेत, पाईप जोडावर गळतोय, नाहीतर रात्रीच्या पाळीत व्होल्टेज कमी येतंय. त्याच दिवशी शेजाऱ्याची विहीर गेल्या वर्षीच्याच पातळीला असेल तर खात्रीच. फेब्रुवारीनंतरच धार तुटत असेल आणि शेजारीही खाली गेला असेल, तर तो साठा संपल्याचा निरोप आहे. अशा वेळी धार तुटायच्या आत बोअर बंद करून चार-पाच तास विश्रांती द्या, म्हणजे पुन्हा पाणी हाती लागतं, मोटरही जळत नाही. मोटर कोरडी चालली की आपोआप बंद करणारं यंत्र स्टार्टरला बसवायला फार पैसे लागत नाहीत. जळालेली मोटर पुन्हा बांधून घ्यायला लागतात.

शेततळं म्हणजे बोअरच्या पाण्याची टाकी समजणं

शेततळं आहे ते वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्यासाठी. प्रत्यक्षात प्लास्टिकचा कागद अंथरलेली कितीतरी तळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोअर आणि विहिरी उपसून भरली जातात. सावलीत, थंड, फुकट ठेवलेलं पाणी आपण विजेचं बिल भरून उन्हात आणून ठेवतो. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं उतार धरून साधारण २२ लाख लिटरचं होतं. आमच्याकडे मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं. ९०० चौरस मीटरच्या भरल्या तळ्यावर याचा हिशेब होतो रोजचे ९००० लिटर. एक टँकर, रोज, आभाळात! त्याच वेळी गावात टँकरसाठी हंड्यांची रांग असते.

डाळिंब किंवा द्राक्ष वाचवायला तळं भरावंच लागत असेल, तर निदान पावसाळ्यात ओढा वाहत असताना भरा.

तळं लवकर उतरतंय म्हणून कागद बदलायच्या आधी बादलीची परीक्षा घ्या. बादलीत दगड टाकून ती काठाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात बुडेल अशी ठेवा. तीन-चतुर्थांश भरा. बादलीतल्या पाण्याला आतून खूण करा, तळ्याच्या पातळीला बाहेरून. तीन दिवसांनी दोन्ही सारखंच उतरलं असेल तर ते ऊन पितंय, कागदाचा दोष नाही. तळं जास्त उतरलं असेल तर भोक शोधा. ते बहुधा काठाला, जिथे कागद चरात दाबलेला असतो तिथे सापडतं: उंदीर, कुत्र्यांची नखं, नाहीतर आत उतरलेली शेळी.

आणि कुंपण. कागदावरून पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडा, त्याला हवा भरलेली जुनी ट्यूब बांधा. हे काम तळं भरायच्या आधीचं.

माथा सोडून पायथ्याला खणणं

नाला खोल केला की लगेच दिसतो. फोटो निघतो, उद्घाटन होतं. डोंगरउतारावरचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, कुणाला दाखवणार? पण माथा उघडा ठेवला तर दोन पावसांत तो खोल नाला गाळाने भरतो आणि पोकलेन पुन्हा बोलवावं लागतं. दुसरं असं की मुरूम संपून कातळ लागला की थांबायला हवं. कातळात खणलेला खड्डा पाणी धरतो, मुरवत नाही. बांध फोडून वरचा मुरमाड थरच कापला गेला, तर वरच्या अंगाच्या विहिरींचं पाणी नाल्यात पाझरून निघून जातं. खणताना वर मुरूम येतोय तोवर ठीक. काळे टोकदार तुकडे यायला लागले की मशीन थांबवा.

गढूळ पाणी थेट विहिरीत सोडणं

पावसाचं पाणी विहिरीत-बोअरमध्ये सोडून पुनर्भरण करणं चांगलं, पण गाळण नसेल तर दोन-तीन वर्षांत भेगा गाळाने बुजतात आणि होतं ते पाणीही जातं. बोअरभोवती खड्डा घेऊन केसिंगला बारीक भोकं पाडतात, त्यावर काथ्या गुंडाळतात, खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. त्याच्या अलीकडे गाळ बसायला वेगळा छोटा खड्डा हवाच. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाजूने काढून द्या. गोठा, संडास, उकिरडा यांच्या उताराचं पाणी कधीच नको, आणि पिण्याच्या विहिरीत शेतातलं पाणी नको. त्यात खत-औषध असतं. घराच्या छपराचं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. १०० चौरस मीटर छपरावरून ५०० मिलिमीटर पावसात ४० हजार लिटर तरी हाती लागतं.

पाऊस थांबून दिवस झाला तरी खड्ड्यात पाणी तुंबलेलं दिसलं तर सगळं उकरायची गरज नाही. वरची दोन-तीन बोटं वाळू खरवडून धुऊन परत टाका. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

ठिबक बसवलं म्हणून रान वाढवणं

ठिबकने पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आपण लगेच आणखी दोन एकर लावतो, मग उपसा होता तेवढाच राहतो, कधी वाढतो. ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली दहा मिनिटं एकेक ग्लास ठेवून बघा. शेवटचा ग्लास बराच रिकामा राहिला तर नळ्यांची टोकं उघडून धुवा, फिल्टर साफ करा. पांढरा थर म्हणजे बोअरचे क्षार, त्याला आम्लाची प्रक्रिया लागते; हिरवट बुळबुळीत थर म्हणजे तळ्यातलं शेवाळ, त्याला क्लोरीन.

लागलेलं पाणी तसंच पिणं, गेलेलं बोअर तसंच सोडणं

खोल बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असतं, म्हणून ते चांगलंच असं नाही. यवतमाळात, नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडने पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडलेत, म्हाताऱ्यांची हाडं धरलीत. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्यासाठी नाही, आणि उकळून ते जात नाही. नवीन बोअरचं पाणी घरात घ्यायच्या आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, काठोकाठ भरून.

कोरड्या बोअरवर दगड ठेवून भागत नाही. दगड गुरं हलवतात, पोरं हलवतात. केसिंगला लोखंडी टोपण वेल्डिंग करून घ्या. केसिंग काढून विकली असेल तर खड्डा माती-मुरमाने वरपर्यंत भरून काढा. आमच्या तिन्हींचं काम या आठवड्यात लावलंय, वेल्डर गुरुवारी येतोय.