शिष्यत्व रोजच्या व्यवहारात: देणे, धीर देणे आणि मन पालटणे

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बर्णबाची पहिली ओळख होते ती जमिनीच्या व्यवहारातून. कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला हा माणूस आपले शेत विकतो आणि आलेली रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवतो (४:३६-३७). पुढे ज्या शौलाला (म्हणजे नंतरच्या पौलाला) यरुशलेमेतले सगळे शिष्य भीत होते त्याला सोबत घेऊन तोच प्रेषितांकडे नेतो (९:२७), अंत्युखियात नव्याने विश्वास ठेवणाऱ्यांना पाहून हर्षित होतो व त्यांना धीर देतो (११:२३), आणि आधीच्या सेवायात्रेत वाटेतून माघारी फिरलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर घ्यावे म्हणून प्रत्यक्ष पौलाशी वाद घालून वेगळा होतो (१५:३७-३९). शेत विकणारा आणि मार्काची बाजू घेणारा हा माणूस एकच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दातृत्व, उत्तेजन आणि पालटलेले मन यांची सांगड कशी असते ते कळते. माझे मत असे आहे की या तिन्हींत पैसा देणे सर्वांत सोपे आणि माणसावर पुन्हा विश्वास टाकणे सर्वांत महाग असते. म्हणून आरंभ पैशापासून करावा, पण तेथेच थांबू नये.

पुढील सूचना कोकण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. वसईचा पट्टा सोडला तर वेंगुर्ले-सावंतवाडीपर्यंतच्या बहुतेक मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती समुदाय, लहान आहेत. तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्यामुळे देण्याची रीत देण्याइतकीच महत्त्वाची ठरते.

हंगामी मिळकतीतून देणे

प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवावे, असे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले (१ करिंथ १६:२). शाळेत, बँकेत किंवा एसटीत नोकरी करणाऱ्याने हा नियम महिन्याच्या पगाराला लावला की काम झाले. आंबा बागायतदाराचे तसे नसते. त्याचा पैसा मुख्यतः मार्च ते मे या काळात येतो, आणि वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी आणि रक्कम) हाती पडते तेव्हा खोकी, वाहतूक, फवारणी, राखणीचे गडी आणि सोसायटीचे कर्ज असे सगळे देणेकरी रांगेत उभे असतात. सगळे भागवून उरेल त्यातून देऊ असे म्हटले, तर काहीही उरत नाही. यासाठी हंगाम सुरू होण्यापूर्वीच नवराबायकोने एकत्र बसून हिस्सा ठरवावा, तो वहीत लिहावा आणि पट्टी येईल त्याच दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या लिफाफ्यात घालावी. दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, परंपरा जुन्या कराराची आहे. नव्या करारात आकडा सांगितलेला नाही, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खेदाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, एवढेच सांगितले आहे (२ करिंथ ९:७). ज्याच्यावर कर्ज आहे त्याने लहान हिश्श्यापासून सुरुवात करावी. हप्ते थकवून दान करणे मला योग्य वाटत नाही, कारण ते पैसे आपले नसून धनकोचे असतात.

मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी वर्षाचे गणित निराळे आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. माशांच्या विणीसाठी ती आवश्यकच आहे, पण याच दिवसांत मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च येतो, छपराची गळती लागते, आणि खलाशाच्या हातात हिश्श्याचा पैसा नसतो. मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीतही सुका बांगडा आणि सुका जवळा यांखेरीज फारसे काही उरत नाही. म्हणून मंडळीने ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत मदतनिधी साठवावा आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यातच मोकळा करावा. नाताळला गोडधोड वाटण्याची पद्धत चांगली आहे, परंतु जूनमधल्या तांदळाची सर त्याला येत नाही.

आता देण्याची रीत. भर दुपारी चारचाकी दारात उभी करून, छायाचित्र काढून पिशवी हाती देणे म्हणजे घेणाऱ्याची वाडीत शोभा करणे होय. ज्या बाईचे त्या घरी एरवीही जाणेयेणे आहे तिनेच तिन्हीसांजेला एकटीने जावे, पिशवी ओटीवर न ठेवता आत स्वयंपाकघरात ठेवावी, तेथे बसून चहा घ्यावा आणि गजाली कराव्यात. निघताना घरच्या बाईने मूठभर आठळ्या किंवा पुडीभर आमसुले हातावर ठेवली, तर ती मुळीच नाकारू नयेत; घेणाऱ्यालाही देण्याचा मान मिळाला पाहिजे. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये (मत्तय ६:३) ही आज्ञा लहान गावात अशीच पाळता येते.

गुप्तता देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांपुरती असावी, हिशोबापुरती नव्हे. यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने विश्वासू माणसे सोबत दिली होती (२ करिंथ ८:१८-२१). त्याच न्यायाने रक्कम नेहमी दोघांनी मोजावी, आणि एकूण जमा व खर्च तीन महिन्यांनी उपासनेनंतर वाचून दाखवावा.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ मधला चिपळूण-महाडचा पूर यांसारख्या आपत्तीत मदतीला धर्माची अट कधीही लावू नये, आणि धान्याच्या पिशवीत धर्मपत्रिकाही घालू नये. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, आणि जखमी माणसाला एकही प्रश्न विचारला नाही (लूक १०:३४-३५). भुकेल्या माणसापुढे ठेवलेले आमिष हे दान नव्हे.

शब्दांनी धीर देणे

येथे नियम थोडे आहेत, पण ते पाळणे जिकिरीचे आहे. नेमके बोलावे. केवळ ‘छान केलेस’ म्हणण्याऐवजी, ‘काल वाचन करताना तू सावकाश वाचलेस, त्यामुळे मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू आले,’ असे सांगितले की त्या मुलाला आपण कोणाच्या उपयोगी पडलो ते समजते. कौतुकाच्या शेवटी ‘पण’ जोडू नये. सुधारणा सांगायची असल्यास ती दुसऱ्या दिवशी, एकांतात सांगावी. दहावीला नापास झालेल्या मुलाकडे निकालाच्या दिवशीच जावे, कारण नंतर जाणारे पुष्कळ असतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून देवाने असे का केले याची कारणे देऊ नयेत; बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते, आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते. सुट्टीत आलेल्या चाकरमान्याला गावच्या तक्रारी ऐकवण्यापूर्वी, मुंबईतल्या खोलीत त्याचे कसे चालले आहे हे विचारावे. पैसे पाठवणाऱ्यालाही धीर लागतो, ही गोष्ट गावाकडे फार थोड्यांच्या लक्षात येते.

मन पालटण्याची कसोटी

मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्या, असे पौल म्हणतो (रोम १२:२). हे नवीकरण प्रार्थनेत सुरू होत असले तरी ते खरे झाले की नाही हे हातावरून कळते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. पुढे, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि मग सर्वांच्या हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत क्रम याच्या नेमका उलट आहे: बाप्तिस्म्याला तीनचार पिढ्या लोटल्या, पण सोयरीक जुळवताना समोरचे ‘मूळचे कोण’ ही चौकशी अजून होते. ज्याला मनाचे नवीकरण हवे असेल त्याने मंडळीतल्या ज्या घरी आजवर पाणी घेतले नाही तेथे या महिन्यात जेवायला जावे, आणि त्या कुटुंबाला आपल्या घरी, आपल्याच पंगतीत बसवावे.

दुसरी कसोटी जमिनीची. कोकणात सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात, आणि गडगा (हद्दीची दगडी भिंत) दोन हात सरकला म्हणून सख्खे चुलतभाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). तेव्हा रविवारची वाट न पाहता, वकिलाला किंवा गावच्या पंचांना सोबत न घेता, एकट्याने जावे. त्याच्या चुकांचा पाढा न वाचता, आपण स्वतः जेवढे जास्त घेतले तेवढ्याबद्दलच बोलावे आणि ते परत कसे करणार हे आकड्यांत सांगावे: किती काजूची झाडे, किती वर्षांचे उत्पन्न. जकातदार जक्कय केवळ पश्चात्ताप झाल्याचे सांगून थांबला नाही, त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८). भावाने दार लावून घेतले, तरी कबूल केलेला हिस्सा पोहोचता करावा.

शेवटची कसोटी मार्काची. दारूमुळे किंवा उधारी बुडवल्यामुळे मंडळीपासून तुटलेला माणूस परत येतो, तेव्हा सगळे त्याचे स्वागत करतात आणि कोणीही त्याला काम देत नाही. त्याला दानपेटी सोपवू नये, कारण त्यात त्याचीच परीक्षा होते; पण शनिवारी उपासनामंदिर उघडणे, झाडणे, कंदील-बत्तीची व्यवस्था पाहणे हे काम पहिल्या महिन्यातच द्यावे आणि एक समंजस सोबती जोडून द्यावा. सहा महिने हे नीट चालले तर शास्त्रपाठ वाचण्यास सांगावे. ज्या मार्काला पौलाने नाकारले होते, तोच सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असे त्याने पुढे तीमथ्याला लिहिले (२ तीमथ्य ४:११), आणि मधल्या काळात मार्काला जवळ ठेवणारा बर्णबा होता. माणूस पुन्हा घसरला तर चारचौघांत त्याच्याकडून किल्ली काढून घेऊ नये; सोबत्याने त्याच दिवशी त्याच्या घरी जावे, किल्ली काही दिवस आपल्याकडे ठेवावी, आणि झाडण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहू द्यावे.