प्रोबॅबिलिटी आणि इन्फरन्सची गणितं: फॉर्म्युला शोधायच्या आधी काय करायचं

स्टॅट्सचा पेपर जवळ आला की एफवाय-एसवायच्या पोरांचा एकच प्रश्न, कुठला फॉर्म्युला कुठे लावायचा. माझं म्हणणं असं की फॉर्म्युला नंतर, आधी रफ पानावर आपल्या भाषेत एक ओळ लिहायची, काय माहितीये आणि त्यावरून काय काढायचंय. प्रोबॅबिलिटीत अख्ख्या पेटीत काय आहे ते दिलेलं असतं आणि हातात काय येईल ते विचारतात, इन्फरन्समध्ये उलटं, हातात काय आलं ते दिलेलं असतं आणि पेटीबद्दल विचारतात. दिशा चुकली की पुढचं गणित कितीही बरोबर करा, मार्क जातात.

पेटी म्हटली की आंबाच घेऊ. क्रॉफर्ड मार्केटमधून डझनभर हापूस आणले, त्यातल्या ३ मध्ये साका आहे पण बाहेरून काही कळत नाही. डोळे मिटून दोन उचलले, दोन्ही चांगले निघायची शक्यता किती? पहिल्यासाठी ९/१२, दुसऱ्यासाठी ८/११, कारण एक चांगला आंबा आता पेटीत नाहीये. गुणाकार ७२/१३२, म्हणजे ६/११, साधारण ०.५४५. बरेच जण इथे ९/१२ चा सरळ वर्ग करतात आणि ०.५६२५ लिहून मोकळे होतात, म्हणजे आंबा कापून बघितला आणि परत पेटीत ठेवला असं झालं, असं कुणाच्या घरी होतं देव जाणे. तेव्हा काढलेली वस्तू परत जाते की नाही हे प्रश्नात शोधायचं. हां, पेटीऐवजी वाशीच्या मार्केटला आलेला हजारो आंब्यांचा ट्रक असेल तर एकदोन आंबे काढल्याने काही फरक पडत नाही, तिथे बायनॉमियल, म्हणजे दरवेळी शक्यता तीच धरणारा फॉर्म्युला, बिनधास्त लावा.

"किमान एक" हे शब्द दिसले की लगेच उलटा विचार करायचा. समजा कोणी विदाऊट तिकीट फिरतोय आणि एका फेरीत टीसीने पकडायची शक्यता २ टक्के आहे, तर ५० फेऱ्यांत किमान एकदा पकडला जायची शक्यता किती? ५० गुणिले २ करून १०० टक्के लिहिणारे दरवर्षी भेटतात, मग ६० फेऱ्या केल्या तर काय १२० टक्के? एकदाही न पकडला जाण्याची शक्यता काढा, ०.९८ चा ५० वा घात, ०.३६४ येतो, तो १ मधून वजा करा, ०.६३६. झालं. पण हे कधी चालतं, तर फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. तोच टीसी रोज त्याच ब्रिजखाली उभा असेल आणि तोंड ओळखायला लागला असेल तर हा हिशोब संपला.

असला गुणाकाराचा मोह जुना आहे. एक फासा ४ वेळा टाकून किमान एकदा सहा पडायची शक्यता ०.५१८ आहे, आणि दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्ही सहा पडायची ०.४९१. आता ६ ला ४ तसे ३६ ला २४, मग दोन्ही सारखं यायला पाहिजे ना? शेव्हालिए द मेरे या फ्रेंच माणसाला हेच पटत नव्हतं, आणि १६५४ साली पास्कल या गणितज्ञाने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याचा हा घोळ आलाय. दोन्ही आकडे वरच्याच पद्धतीने स्वतः काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक, घाईत होणारी चूक. दोन गोष्टी एकत्र घडूच शकत नाहीत म्हणजे त्या स्वतंत्र आहेत असं नाही, उलट एक घडली की दुसरी नक्की घडणार नाही हे कळतं, मग स्वतंत्र कशा?

आता सशर्त संभाव्यता, म्हणजे "दिलं असताना" वाली गणितं, इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात. पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले, समजा त्यातल्या २ टक्के लोकांना खरंच डेंग्यू आहे. टेस्ट अशी की डेंग्यू असेल तर ९५ टक्के वेळा पॉझिटिव्ह येते आणि नसेल तरी १० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर डेंग्यू असायची शक्यता किती? बेजचा फॉर्म्युला आठवत बसू नका, सरळ १००० माणसं घ्या. २० जणांना डेंग्यू, त्यातले १९ पॉझिटिव्ह. उरलेले ९८०, त्यातले ९८ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ११७, त्यात खरे १९, म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास. डेंग्यू असताना पॉझिटिव्ह ९५ टक्के आणि पॉझिटिव्ह असताना डेंग्यू १६ टक्के, शब्द तेच, दिशा उलटी. परीक्षेत हा हजार माणसांचा तक्ता काढला तरी चालतो, फक्त शेवटी उत्तर अपूर्णांकात नीट लिहा.

इथून इन्फरन्सकडे. समजा तुमची सकाळची कल्याणहून सुटणारी एक लोकल आहे, ३६ दिवस तिचा उशीर लिहून ठेवला, सरासरी ७ मिनिटं आली आणि सँपलचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३. कोणीतरी म्हणतो, छे, सरासरी उशीर ६ च मिनिटं आहे. आधी स्टँडर्ड एरर, ३ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ०.५. लक्षात घ्या, ३ हा एका दिवसाचा चढउतार आहे आणि ०.५ हा सरासरीचा, हे दोन आकडे एकमेकांच्या जागी टाकले की उत्तराची वाट लागते. आता ७ वजा ६ भागिले ०.५, उत्तर २. नॉर्मल टेबलमध्ये दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू (तिचा अर्थ पुढे येतो) ०.०४५५, म्हणजे ५ टक्क्यांच्या खाली, नल हायपोथेसिस, म्हणजे सरासरी ६ आहे हे म्हणणं, रिजेक्ट.

थांबा पण. स्टँडर्ड डेव्हिएशन आपण सँपलमधूनच काढलंय, खरं कोणाला माहितीये? मग टी टेबल लावायला पाहिजे, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे सँपलच्या आकड्यातून एक वजा) ३५, तिथे सीमा १.९६ नाही तर २.०३ आहे, आणि आपलं उत्तर २, म्हणजे रिजेक्ट नाही! डेटा तोच, टेबल बदललं की निकाल फिरला. या टी टेबलमागची पद्धत डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटची, छोट्या सँपलसाठी त्याने १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने छापली. बऱ्याच ठिकाणी ३० च्या वर सँपल असेल तर झेड, म्हणजे नॉर्मल टेबल, चालतं असं शिकवतात, पेपरात तसंच सांगितलं असेल तर तसंच करा, पण कुठलं टेबल वापरलं ते उत्तरात लिहा. आणि ०.०५ म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, नॉर्मल टेबलच्या ०.०४५५ आणि टी टेबलच्या ०.०५३ या पी-व्हॅल्यूंमध्ये असा काय मोठा फरक आहे.

पी-व्हॅल्यूचा अर्थ विचारला तर डेंग्यूचं गणित आठवा. सरासरी खरंच ६ असेल तर नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता, एवढंच. "सरासरी ६ असायची शक्यता ५ टक्के" असं लिहिलंत की तीच उलटी दिशा. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असेल याचा अंदाज, त्यालाही तसंच, झेड लावून ६.०२ ते ७.९८ येतो, पण ९५ टक्के हे पद्धतीबद्दल आहे, म्हणजे असे खूप सँपल घेऊन दरवेळी इंटरव्हल काढला तर साधारण ९५ टक्के इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडेल.

सर्व्हेचं गणित आलं तर १०० पैकी ५८ जण हो म्हणाले, स्टँडर्ड एररसाठी ०.५८ गुणिले ०.४२ भागिले १००, आणि या सगळ्याचं वर्गमूळ, ०.०४९, इंटरव्हल साधारण ४८ ते ६८ टक्के. ५० टक्के आतच आहे, त्यामुळे "बहुमत आहे" असं ठोकून देऊ नका. इंटरव्हल अर्धा करायचा तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात, ४००. आणि ती चारशेच्या चारशे संध्याकाळी ७ ला दादरच्या ब्रिजवरच गाठली असतील तर घरून काम करणारा एकही त्यात सापडणार नाही, तिथे कुठलंच टेबल कामाला येत नाही.