रक्तात एम प्रोटीन सापडल्यावर: नुसते लक्ष ठेवावे की तज्ज्ञांकडे जावे?

हातापायांना मुंग्या येतात म्हणून, किंवा नेहमीच्या तपासणीत एकूण प्रथिने जास्त दिसली म्हणून सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून पाहणारी तपासणी) केले जाते, त्यात एम प्रोटीन आढळते आणि रुग्णाला ‘एमजीयूएस’ (मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स) हे नाव पहिल्यांदाच ऐकायला मिळते. हा कर्करोग नाही, पण त्याची पूर्वावस्था आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, एवढ्यावर बहुधा भेट संपते. तेवढ्यावर समाधान मानावे की मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या, तज्ज्ञाचा शोध घ्यावा, हा प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो. माझ्या मते हे दोन पर्याय परस्परविरोधी नाहीत. सुरुवातीच्या तपासण्या पूर्ण झाल्या असतील आणि जाणकाराने त्या एकदा नीट वाचल्या असतील, तर पुढे नुसते लक्ष ठेवणे हाच योग्य उपचार ठरतो. तसे झाले नसेल, तर नेमके कशावर लक्ष ठेवायचे हेच ठरलेले नसते.

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी शरीरासाठी नाना प्रकारची प्रतिपिंडे तयार करतात. त्यांपैकी एकाच पेशीचा वंश वाढू लागला की एकाच घडणीचे प्रथिन रक्तात साठते. तेच एम प्रोटीन. त्याचे प्रमाण प्रतिडेसिलिटर 3 ग्रॅमपेक्षा कमी, अस्थिमज्जेत अशा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि कोणत्याही अवयवाला इजा नाही, अशी स्थिती असेल तर तिला एमजीयूएस म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये हे नाव रूढ केले. पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 3 टक्के लोकांत ही अवस्था आढळते आणि तिचे मायलोमात किंवा तत्सम आजारात रूपांतर होण्याचा धोका सरासरीने वर्षाला 1 टक्का असतो. हा धोका कमी असला तरी काळानुसार संपत नाही, म्हणूनच तपासणी सोडून द्यायची नसते.

सरासरीचा आकडा मात्र एकट्या रुग्णाच्या फारसा कामाचा नसतो. आपला धोका जाणून घेण्यासाठी अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: एम प्रोटीन 1.5 ग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे का, त्याचा प्रकार आयजीजी (प्रतिपिंडांचा सर्वसाधारण प्रकार) सोडून दुसरा आहे का, आणि फ्री लाइट चेनचे, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या प्रतिपिंडांच्या कॅपा व लॅम्डा या दोन तुकड्यांचे, गुणोत्तर 0.26 ते 1.65 या मर्यादेबाहेर आहे का. यांपैकी एकही नसेल तर 20 वर्षांतील धोका सुमारे 5 टक्के असतो आणि तिन्ही असतील तर तो 58 टक्क्यांपर्यंत जातो. इतका फरक असताना फ्री लाइट चेनची तपासणी न करताच ‘काही काळजी नाही’ असे कोणी सांगितले, तर ती तपासणी आग्रहाने मागून घ्यावी. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर हे गुणोत्तर आपोआपच थोडे वर सरकते, त्यामुळे ते मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनसोबतच वाचावे लागते.

तिन्ही गोष्टी अनुकूल असतील, लक्षणे नसतील आणि हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने ठीक असतील, तर अस्थिमज्जेची तपासणीही सहसा लांबणीवर टाकता येते. सहा महिन्यांनी एकदा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी रक्त तपासणे अशा वेळी पुरते, आणि हे काम नेहमीचे डॉक्टर चोख करू शकतात. इतरांनी सहा महिन्यांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि निदान पहिल्या वेळी तरी रक्तविकारतज्ज्ञाला भेटावे. वय फार झाले असेल आणि दुसऱ्या गंभीर आजारांमुळे आयुष्याची मर्यादा जवळ आली असेल, तर कमी धोक्याच्या एमजीयूएसचा पाठपुरावा थांबवण्याचा निर्णयही समंजस ठरू शकतो. त्यात हयगय काही नाही.

एम प्रोटीन 3 ग्रॅम किंवा अधिक, अथवा प्लाझ्मा पेशी 10 ते 59 टक्के असतील, तर त्या अवस्थेला स्मोल्डरिंग मायलोमा म्हणतात आणि तेथे मात्र मायलोमावर विशेष काम करणारा तज्ज्ञ गाठलाच पाहिजे. पहिली पाच वर्षे रूपांतराचा धोका वर्षाला सुमारे 10 टक्के असतो, नंतर तो उतरत जातो. पेशी 20 टक्क्यांहून अधिक, एम प्रोटीन 2 ग्रॅमहून अधिक आणि वाढलेल्या लाइट चेनचे दुसरीशी गुणोत्तर 20 हून अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या तरी रुग्ण जास्त धोक्याच्या गटात मोडतो. या गटासाठी ‘वाट पाहा’ हा एकच सल्ला आता उरलेला नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अक्विला चाचणीत डॅराटुमुमॅब हे औषध लवकर सुरू केल्याने रूपांतर लांबल्याचे दिसले. प्रत्येकाने ते घ्यावेच असे नाही, पण घ्यावे की नाही याची चर्चा असे रुग्ण नेहमी हाताळणाऱ्या डॉक्टरांशीच व्हायला हवी. संपूर्ण शरीराचा एमआरआयही अशा वेळी उपयोगी पडतो, कारण हाडांत एकाहून अधिक ठळक गाठी दिसल्या तर निदानच बदलते आणि ती अवस्था उपचार लागणारा मायलोमा मानली जाते.

एका बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एम प्रोटीनचे प्रमाण अगदी थोडे असले तरी ते प्रथिन स्वतःच अवयवांना इजा करू शकते. एएल अमायलॉइडोसिसमध्ये ते हृदयात, मूत्रपिंडात किंवा मज्जातंतूंत साचते, आणि लक्षणे इतकी विखुरलेली असतात की रुग्ण वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फिरत राहतो. लघवीला फेस येणे, पावलांना सूज, श्रम केल्यावर दम लागणे, वाढती बधिरता, डोळ्यांभोवती आपोआप उमटणारे जांभळे डाग, जीभ जाड होणे, कारणाविना वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर एम प्रोटीनचा आकडा कितीही लहान असो, पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या डॉक्टरांना एमजीयूएस असल्याचे स्वतःहून सांगावे, कारण त्या एका वाक्याने त्यांच्या तपासाची दिशा बदलू शकते. पाठदुखीबरोबर पायांतील ताकद गेली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तज्ज्ञाकडे कायमचेच जायला हवे असे नाही. प्लाझ्मा पेशींच्या आजारांचे रुग्ण नियमित पाहणाऱ्या डॉक्टरांनी एकदा अहवाल, आणि केली असेल तर अस्थिमज्जेची काचपट्टीही तपासून धोक्याची पातळी व तपासणीचे अंतर लिहून दिले, की पुढचा पाठपुरावा घराजवळ करता येतो. त्या भेटीत तीन प्रश्न जरूर विचारावेत: माझा धोका कोणत्या गटात मोडतो, कोणता आकडा किती बदलला तर मी लगेच यावे, आणि माझ्या इतर लक्षणांचा या प्रथिनाशी संबंध असू शकतो का. हाडांची घनता तपासण्याबद्दलही बोलावे, कारण एमजीयूएस असलेल्यांत हाड मोडण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळते.

तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात आणि तारीख, एम प्रोटीन, दोन्ही लाइट चेन, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन असा तक्ता स्वतःजवळ ठेवावा. 0.1 किंवा 0.2 ग्रॅमचा चढउतार मोजणीच्या मर्यादेतला असतो. त्यावर झोप उडवून घेऊ नये. सलग दोन-तीन वेळा आकडा एकाच दिशेने चढत गेला, किंवा वाढ 0.5 ग्रॅमच्या पुढे गेली, तर मात्र तो तक्ता घेऊन ठरलेल्या तारखेआधीच तज्ज्ञांकडे जावे.