रायफल निवडायला दुकानात जाण्यापूर्वी

दुकानात जाताना शिकारीच्या हंगामात घालणार आहात तेच जाड जॅकेट आणि हातमोजे बरोबर घ्या, मग भर जूनचा उकाडा का असेना. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डोंगरात म्यूल डिअर या हरणाचे मुख्य रायफल-हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात येतात. टी-शर्टवर खांद्याला छान बसलेला दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, तेव्हा जॅकेटवर अचानक लांब वाटायला लागतो. कारखान्यातले बहुतेक दस्ते उंच माणसाच्या मापाचे असतात. आपल्यातल्या साडेपाच फुटांच्या माणसाने हे आधीच गृहीत धरावं. दुर्बीण बसवलेली रायफल मागा, बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा) उघडून ती रिकामी असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करा आणि नळीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवू ते विचारा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीतलं चित्र पूर्ण गोल दिसलं तर दस्ता तुमचा. कडेला काळी चंद्रकोर दिसली आणि मान पुढेमागे करावी लागली, तर हरणासमोरही तसंच होणार. तिथे मान जुळवत बसायला वेळ नसतो.

टिक्का टी३एक्स लाइट, विंचेस्टर मॉडेल ७० आणि रुगर अमेरिकन अशा तिघींत मन अडकलं असेल, तर अचूकतेची तुलना यादीतून काढून टाका. चांगलं काडतूस मिळालं की तिघीही शंभर यार्डांवर साधारण एक-दीड इंचात गोळ्या घालतात. म्यूल डिअरच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची असते. दोनशे यार्डांवर रायफलीतला इंचभराचा फरक तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. माणसाचा दम लागलेला असला की मात्र सहा इंच सहज जातात. म्हणून एका इंचाच्या जाहिरातीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

खरा फरक सेफ्टीत, म्हणजे चाप अडवणाऱ्या कळीत आहे, आणि त्यावर दुकानात दहा मिनिटं घालवावीत असं माझं ठाम मत आहे. मॉडेल ७० च्या सेफ्टीला तीन टप्पे आहेत. पूर्ण मागे केली की बोल्टही अडकतो. मधल्या टप्प्यावर चाप बंदच राहतो, पण बोल्ट उघडता येतो, म्हणजे सेफ्टी न काढता काडतुसं बाहेर काढता येतात. टिक्काला दोनच टप्पे. सेफ्टी लावली की बोल्ट कुलूपबंद होतो, त्यामुळे झाडीतून चालताना फांदीला अडकून तो उघडत नाही, पण रायफल रिकामी करायला सेफ्टी काढावीच लागते. रुगरची सेफ्टी दस्त्याच्या वर, अंगठ्याखाली येते, आणि डावखुऱ्यालाही ती सोयीची पडते. हातमोजे घालून प्रत्येक सेफ्टी वीस-वीस वेळा पुढेमागे करून बघा. संध्याकाळी थंडीने बोटं बधिर झालेली असताना, गाडीजवळ रायफल रिकामी करताना, हात सवयीने जे करेल तेच खरं.

चापही हातमोज्यातूनच तपासा. दुकानदाराला विचारून रिकाम्या रायफलीवर चार-पाच वेळा ओढून बघा. टिक्का आणि रुगर दोन्हींचा चाप हलका-जड करून घेता येतो. मात्र नवख्याने तो फार हलका करू नये, कारण गारठलेल्या बोटाला हलका चाप कळतच नाही.

मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा, विचार लोक उशिरा करतात. टिक्काचं मॅगझिन सुटं आणि वजनाला हलकं आहे, पण ते ओढ्यात पडलं तर हातातली रायफल एकेका काडतुसाची होते. तेव्हा सुट्या मॅगझिनची रायफल घेणार असाल तर दुसऱ्या मॅगझिनची किंमत आत्ताच हिशोबात धरा. मॉडेल ७० चं मॅगझिन आतच असतं आणि खालून झाकण उघडतं, त्यामुळे हरवण्याचा प्रश्न नाही. त्याचा बोल्ट जुन्या माऊझर १८९८ च्या धर्तीवर काडतुसाला आधीच नखीत धरतो, म्हणून जाणकार तो मानतात. १९६४ साली कंपनीने ही रचना बदलली आणि नंतर परत आणली. जुनी रायफल घेत असाल तर ती कोणत्या काळातली आहे ते विचारून घ्या. फक्त हरणासाठी म्हणाल, तर या एका गोष्टीवर निवड ठरवू नये.

वजन हातात घेऊन बघा, आणि एवढं ध्यानात ठेवा की हलकी रायफल चढावर सुख देते पण खांद्याला जास्त धक्का देते. धक्क्याची धास्ती असेल तर .३०८ च्या काडतुसाऐवजी ६.५ क्रीडमूरच्या काडतुसाची रायफल घ्या. हरणासाठी दोन्ही पुरेशा आहेत, आणि कोलोरॅडोची .२४ कॅलिबरची (म्हणजे इंचात मोजलेल्या गोळीच्या जाडीची) किमान अटही दोन्ही सहज पार करतात.

कागदपत्रांत चूक परवडणार नाही. ग्रीन कार्ड असेल तर खरेदी करता येते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. वैध शिकार-परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी वकिलाला विचारा. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्म झाला असेल तर शिकारीच्या परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकार-प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. हरणाचा परवाना लॉटरीने मिळतो आणि तिचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भरायचा असतो. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडोत दुकानदाराने पार्श्वभूमी-तपासणी सुरू केल्यावर किमान तीन दिवस थांबावं लागतं, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारवर खरेदी ढकलू नका.

रायफलीत वाचलेले पैसे काडतुसांवर घाला. शिकारीला वापरणार तीच काडतुसं, एकाच लॉटचे तीन-चार डबे घ्या. रेंजवर टेबलावरून नेम जुळवला की पुढचा सराव गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने करा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या आठ इंचांच्या ताटलीत बसतात, तेवढंच तुमचं अंतर. त्यापलीकडे हरीण उभं असेल तर चाप ओढू नका. जखमी होऊन रानात निघून गेलेलं जनावर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि हंगाम संपला की जॅकेटचे खिसे आणि बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. डिसेंबरात तीच बॅग घेऊन मुंबईला उतरलात आणि तळाशी एक विसरलेलं काडतूस सापडलं, तर विमानतळावरच शस्त्र कायद्याखाली चौकशीला सामोरं जावं लागेल.