पुण्याचा इतिहास शोधताना या चुका टाळा

आपल्या वाड्याचा, पेठेचा किंवा गल्लीतल्या देवळाचा इतिहास लिहावा असं मनात घेऊन पुरालेखागाराची पायरी चढणारे बरेच जण दोन-तीन फेऱ्यांत थकतात आणि ‘तिथे आमच्या कामाचं काही नाही’ असं म्हणून विषय सोडून देतात. याचं फार वाईट वाटतं, कारण पुण्याइतके कागद फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहेत. बहुतेक वेळा कागद असतो, पण आपण तो भलत्या ठिकाणी किंवा भलत्या नावाने मागत असतो. एक गोष्ट आधीच पक्की केली तर निम्मा त्रास वाचतो: दप्तर तुमच्या-माझ्या विषयांप्रमाणे लावलेलं नसतं. ज्या कचेरीत कागद तयार झाला, त्या कचेरीच्या कामाप्रमाणे तो बांधलेला असतो.

विषय सांगणं, पण कचेरी न शोधणं

कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुरालेखागारात, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘पेशवे दप्तरात’, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यांची नावं शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास, जमाव, चिटणिशी अशी आहेत. ‘पुण्याचं पाणी’ किंवा ‘जुने वाडे’ असं कुठल्याही रुमालावर लिहिलेलं नाही.

समजा, तुम्हाला कात्रजच्या पाणीयोजनेचा शोध घ्यायचा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांचं पाणी भुयारी नळांनी शहरातल्या हौदांत आलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘कात्रजची फाइल द्या’ म्हटलं तर काही हाती लागणार नाही. आधी विचार करायचा की या कामामुळे कुणाला लिहावं लागलं असेल. बांधकामावर पैसा खर्च झाला, तेव्हा तो रोजच्या हिशेबात, म्हणजे रोजकीर्दीत पडला असेल. कुणी आपल्या वाड्यात पाणी घेण्यासाठी परवानगी मागितली असेल, तर तो पत्रव्यवहार झाला. इंग्रजी अमलात दुरुस्तीचा प्रश्न आला असेल, तर तो नगरपालिकेकडे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेला असेल. एकाच हौदाचे कागद अशा वेगवेगळ्या ठिकाणी सापडू शकतात. म्हणून घरून निघतानाच प्रश्न असा मांडावा: हे कुणी लिहिलं असेल, कुणाला आणि कशासाठी?

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारातही असंच होतं. तिथे मुंबई सरकारचे कागद महसूल, न्याय, राजकीय, सामान्य अशा खात्यांप्रमाणे आहेत. १८९७च्या प्लेगमधल्या पुण्याबद्दल वाचायचं असेल तर गावाच्या नावावरून नव्हे, खात्यावरून आणि वर्षावरून शिरावं लागतं. पुण्याचा इतिहास म्हणून फक्त पुण्यातच शोधणाऱ्यांच्या हातून हा सगळा साठा निसटतो.

खाजगी दप्तरं तर आणखी फिरलेली असतात. नाना फडणिसांचं दप्तर वाईजवळच्या मेणवलीला होतं. ते जुने कागद जमवणारे इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या हाती आलं, साताऱ्याच्या संग्रहालयात राहिलं आणि १९३९ साली तो संग्रह पुण्यात डेक्कन कॉलेजात आला. नानांच्या काळातलं पुणे समजून घ्यायचं असेल तर येरवड्याच्या बाजूला असलेल्या या संस्थेत जावं लागतं, हे आपणहून कुणाला सुचणार नाही. म्हणून एखादा कागद कुणाकडून कुणाकडे गेला, हे विचारायला संकोच करू नका. भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्याघराण्यांची दप्तरं अशीच जमा झाली आहेत. १९१० साली वि. का. राजवाड्यांनी मंडळ उभं केलं, ते लोकांच्या माळ्यांवर कुजत पडलेले कागद वाचावेत या तळमळीतूनच.

आजची हद्द धरून शोधणं

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. त्याआधी शहराची नगरपालिका वेगळी होती आणि उपनगरांची वेगळी. पुणे आणि खडकी या दोन्ही लष्करी छावण्यांचा कारभार तर स्वतंत्रच. त्यामुळे कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याचा जुना कागद महापालिकेत मागायला गेलात तर तिथला कर्मचारी नाही म्हणणार, आणि त्याचं बरोबरच असणार. तो कॅन्टोन्मेंटचा विषय आहे.

आजचं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे. एरंडवणे, कोथरूड, हिंगणे ही शेतीवाडीची गावं होती. तिथल्या जमिनीचा इतिहास शहराच्या नोंदींत न शोधता गावाच्या महसुली कागदांत, हवेली तालुक्याच्या दप्तरात शोधावा लागतो. मिळकतीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. पालिकेचा घर क्रमांक, नगर भूमापनाचा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर हे तिन्ही वेगळे असतात. घरपट्टीच्या पावतीवरचा आकडा घेऊन प्रॉपर्टी कार्ड शोधलं की दुसऱ्याच माणसाचं घर समोर येतं. तिन्ही आकडे एकाच कागदावर मांडून मगच पुढे जावं.

नावं बदलली आहेत, हे विसरणं

पेशवाईच्या आधीच्या आणि सुरुवातीच्या कागदांत बुधवार पेठ सापडत नाही म्हणून हताश होऊ नका. ती तिथे मोहियाबाद आहे. शनिवार म्हणजे मुर्तझाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. इंग्रजी कागदांत खडकीचं ‘किर्की’ होतं, पर्वती ‘पर्बुटी’सारख्या चमत्कारिक रूपात भेटते, आणि पुण्याच्याच स्पेलिंगचे तीन-चार प्रकार दिसतात. महात्मा फुले मंडई १८८६ची, पण तेव्हाच्या कागदांत ती ‘रे मार्केट’ आहे. शिवाजी पूल १९२३ साली ‘लॉइड ब्रिज’ म्हणून बांधला गेला आणि लोक त्याला नवा पूल म्हणत राहिले. कामाला लागण्यापूर्वी आपल्या विषयातल्या प्रत्येक ठिकाणाची जुनी नावं आणि इंग्रजी स्पेलिंगं वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा. संगणकावरच्या सूचीत शोधतानाही ही यादीच उपयोगी पडते.

तारखेत घसरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या छापल्या गेल्या की पुढचे दहा जण तशाच उचलतात.

पानिपतचं उदाहरण घेऊ, कारण ती तारीख सगळ्यांना पाठ आहे. तिथी आहे पौष शुद्ध ८, शके १६८२. शकात ७८ मिळवायचे एवढंच माहीत असलेला माणूस बेरीज करतो आणि १७६० लिहितो. लढाई तर १४ जानेवारी १७६१ची. घोळ कुठे झाला? शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, तर इंग्रजी वर्ष मध्येच, साधारण पौषात बदलतं. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, जानेवारी उजाडल्यानंतर, ७९ मिळवावे लागतात.

आता हेच साल मराठी दप्तरात कसं येतं पाहा: ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६१. हा सुहूर सन. तो सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. वर्ष सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. म्हणजे ११६१ हे साल १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंत चालतं. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६०० मिळवून १७६१. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी आले की तारीख बरोबर निघाली असं समजावं. एकाच पद्धतीवर विसंबून राहू नका.

पत्रात महिना मुसलमानी असतो: ‘छ २० रजब’. यातला ‘छ’ म्हणजे चंद्र. पुढचा आकडा चंद्राच्या दिवसाचा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे मृगाच्या आसपासचे काही चांद्र दिवस एकाच सुहूर सनात दोनदा येऊ शकतात. अशी तारीख भेटली तर मजकुरातला पाऊस, सण, स्वारी यांच्या आधाराने कोणता दिवस ते ठरवावं लागतं.

पत्रावर दुसरी एक तारीख ‘पैवस्ती’ म्हणून असते. ती पत्र पोचल्याची, लिहिल्याची नव्हे. हिंदुस्थानातून, म्हणजे उत्तरेकडून, पुण्याला पत्र यायला आठवडे लागत. पैवस्तीलाच घटनेची तारीख धरली की सगळा क्रम विस्कटतो.

आकड्यांकडेही जपून पाहा. ‘५।’ म्हणजे सव्वापाच, ‘५॥’ म्हणजे साडेपाच, ‘५॥।’ म्हणजे पावणेसहा. नवीन वाचक या उभ्या रेघांना एकचे आकडे समजून ५॥ चे ५११ करतो, आणि एका गवंड्याची मजुरी शंभर पटीने वाढते.

जुनी वर्तमानपत्रं चाळतानाही तारखेचं भान लागतं. केसरी १८८१ साली सुरू झाला तो साप्ताहिक म्हणून आणि मंगळवारी निघे. प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या ती रात्र २२ जून १८९७ची, मंगळवारचीच. त्या दिवसाचा अंक उघडून ‘बातमीच दिली नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक. पुढचा अंक पाहायला हवा.

छापील खंडांपाशी थांबणं

गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. केवढं मोठं काम! पण ती निवड आहे, आणि मुख्यतः राजकारणाची. मोहिमा, तह, सरदार यांच्यासाठी ते खंड आधी पाहायलाच हवेत. भाजीवाल्यांवरचा कर, कोतवालाने केलेला दंड, पेठ वसवताना दिलेल्या सवलती, गवंड्यांची मजुरी अशा गोष्टींनी शहर बनतं, आणि त्यातलं बरंचसं अजून रुमालांत बांधलेलं आहे. ‘खंडांत नाही’ म्हणजे ‘दप्तरात नाही’ असं कधीही लिहू नका.

इथे मोडी आडवी येते. ती शिकायला लोक उगाच घाबरतात. अक्षरं थोड्या आठवड्यांत बसतात. खरा वेळ जातो तो एकेका लेखकाचं वळण ओळखण्यात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, आणि लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. पत्राचे मायने मात्र ठरावीक असतात. आधी मायना आणि शेवट पाठ करा, मग मधला मजकूर सुटायला लागतो. मंडळ आणि पुराभिलेख विभाग दोघेही मोडीचे वर्ग घेतात. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलंत तरी मूळ कागदाची प्रत जवळ ठेवा, म्हणजे शंकेचा शब्द पुन्हा पाहता येतो.

कागद नाही, म्हणून घटनाही नाही

पुण्याचे कागद कितीदा गेले याचा विचार करा. नोव्हेंबर १८१७मध्ये संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाची कचेरी, जाळली गेली. १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली. १८७९ साली बुधवारवाडा जळाला, आणि तिथे तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी घराघरांतली बाडं, हिशेबाच्या वह्या, जुने फोटो वाहून गेले किंवा चिखलात लगदा झाले.

म्हणून एखाद्या काळाबद्दल शांतता दिसली तर आधी विचारा की त्या कचेरीचं दप्तर वाचलं का. नसेल, तर तोच व्यवहार दुसऱ्या बाजूने पाहा. पुण्याहून गेलेलं पत्र पुण्यात नसेल, तर ज्याला गेलं त्याच्याकडे असू शकतं. सातारा, कोल्हापूर, नागपूर इथल्या दप्तरांत पुण्याबद्दल खूप काही आहे. रेसिडेन्सीच्या पत्रांच्या प्रती मुंबई आणि कोलकात्याला जात असत.

हाताळणी आणि टिपणं

शिसपेन न्या, पेन नको. रुमाल सोडताना कागदांचा क्रम होता तसाच ठेवा, आणि पान उलटताना थुंकी लावू नका. फोटोची परवानगी आधी विचारा, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. टिपणात संस्थेचं नाव, दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. घरी येऊन आठवत नाही, आणि क्रमांक नसलेलं टिपण पुढच्या संशोधकाच्या काही कामाचं राहत नाही.

राहिले घरातले कागद. माळ्यावर जुनी वही, सनद, खरेदीखत निघालं तर लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टीही लावू नका. तिचा डिंक कालांतराने कागद पिवळा करतो आणि शाई खातो. कोरड्या ठिकाणी सपाट ठेवा, स्वच्छ फोटो काढा, आणि मंडळात किंवा पुरालेखागारात नेऊन जाणत्याला दाखवा. मूळ कागद द्यायचा की नाही हा तुमचा निर्णय. पण किराण्याचा हिशेब म्हणून एखादी वही रद्दीत टाकण्याआधी थांबा. धान्याचे भाव, नोकरांचे पगार, पाणक्याला दिलेले पैसे हे सगळं तुमच्या पेठेबद्दल दुसऱ्या कुठल्या दप्तरात लिहिलेलं असेलच असं नाही.